शनीच्या भेटीला

आमच्या घरात शनीचे नाव सहसा कोणी घेत नसे. वडिलांच्या हयातीत पेढीला मोठी खोट आली, उधारीवर दिलेला माल बुडाला आणि त्या साऱ्याचे कारण एका शब्दात सांगितले गेले : साडेसाती. तेव्हापासून आईने शनिवारी घरात तेल विकत आणू दिले नाही.

अशा आईला घेऊन २०२५ च्या नोव्हेंबरात मी पुण्यातील एका उद्यानात आकाशदर्शनाला गेलो. ज्योतिर्विद्या परिसंस्था ही संस्था या शहरात १९४४ पासून आहे. दुकानाच्या व्यापात माझेच कधी वर लक्ष गेले नव्हते. हट्ट माझ्या मुलाचा होता.

हिरवळीवर दुर्बिणी मांडल्या होत्या. "आज काय दाखवतात रे?" आईने नातवाला विचारले. "शनी," तो म्हणाला. आई दोन पावले मागे सरकली.

दुर्बिणीपाशी उभ्या असलेल्या तरुणीने ते ओळखले असावे. "आजी, सूर्याभोवती फिरायला त्याला सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात. बारा राशींत वाटली, तर एका राशीला जवळपास अडीच. आपली रास, तिच्या आधीची आणि नंतरची मिळून साडेसात. हा त्याच्या चालीचा हिशेब. त्याचा आपल्यावर रोख नाही."

आई स्टुलावर बसली. बराच वेळ पाहत राहिली. "एवढासाच? आणि ही मधून रेघ कसली?"

तीच त्याची कडी, असे तिला समजले. मार्च २०२५ मध्ये ती पृथ्वीच्या अगदी समपातळीत आली होती. साधारण दर पंधरा वर्षांनी असे घडते. आता ती हळूहळू उघडत जाईल आणि २०३२ च्या सुमारास पूर्ण रुंद दिसेल. आईने हातातली पाटली काढून डोळ्यांसमोर आडवी धरली आणि मान डोलावली.

मग मी पाहिले. फिकट पिवळा ठिपका, त्यातून आरपार गेलेली सुई. तो प्रकाश सव्वा तासापूर्वी निघालेला. तेव्हा मी गल्ला मोजत होतो.

परतताना मला राहवले नाही. "आई, त्या वर्षी उधारीची वही माझ्याकडे होती. कोणाकडे किती थकले ते मी बाबांना वेळेवर सांगितलेच नाही. साडेसाती म्हटल्यावर मला कोणी विचारले नाही आणि मीही गप्प राहिलो."

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठाऊक होते. तू विशीतला पोर. शनीवर घातले म्हणून तुझ्यावर आले नाही. पण सांगता सांगता मलाच ते खरे वाटू लागले."

पुढच्या शनिवारी तिने मला हाक मारून तेलाचा डबा आणायला सांगितले.