बँजो घेतला, पण वाजवायचा कुणाच्या दारात?



मागच्या रविवारी आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात नवा इलेक्ट्रिक बँजो लावून पाहिला. 14 एप्रिलच्या वर्गणीतून उरलेले पैसे आणि पोरांनी खिशातून घातलेली भर, असे 8,500 रुपये झाले होते. डीजेवाल्याला एका रात्रीचे यापेक्षा जास्त मोजतो आणि सकाळी उरतात ते फक्त बसलेले कान. म्हणून स्वतःचं वाद्य.

पिन लावली, आवाज वाढवला, तर सूर दूरच, नुसती भुणभुण. तारेला हात लावला की थांबायची, काढला की पुन्हा सुरू. दुकानदाराने फसवलं म्हणून पोरं तापली. वायरमनचं काम करणाऱ्या एकाने बोर्ड उघडला, तर अर्थिंगची वायर जोडलेलीच नाही! ती जोडली आणि भुणभुण गेली. समाजमंदिराचं उद्घाटन मात्र वाजतगाजत झालं होतं.

मग डाव्या हाताने बटनं दाबत, उजव्या हातातल्या पट्टीने तारा छेडत एकाने भीमगीताची चाल काढली. ही टाइपरायटरसारखी बटनं जपानची. 1912 साली नागोयात मोरिता गोरो यांनी तैशोगोतो हे वाद्य बनवलं, तेच आपल्याकडे बुलबुल तरंग झालं आणि पिकअप बसवून रस्त्यावर बँजो म्हणून उतरलं. अमेरिकेतला बँजो वेगळा. तो गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकी माणसांनी घडवला. आपल्या वाद्याला त्याचं फक्त नाव मिळालं. पण नाव तरी चांगल्या घरचं मिळालं.

आवाज ऐकून शेजारचे काका दारात येऊन उभे राहिले. पंच्याहत्तरी उलटलेली. म्हणाले, "आमचा बाप गावात लग्नाच्या वरातीपुढं डफडं वाजवायचा. मांडवात पाय ठेवायची सोय नव्हती, भाकर वरून टाकायचे. 56 नंतर त्यानं गावकी टाकली, तर वर्षभर कुणी कामाला बोलावलं नाही. आम्ही टाकलं ते तुम्ही पैसे देऊन आणलं व्हय?"

समाजशास्त्रात एम.ए. केलं की उत्तर लगेच सुचतं, हा एक तोटाच. आम्ही म्हणालो, काका, ती वेठ होती, जातीवर लादलेली. हे वाद्य आम्ही निवडलंय. आंबेडकरी जलसे, वामनदादा कर्डक, चळवळ गावोगाव पोचली ती गाण्या-वाजवण्यातूनच ना?

"वामनदादा आपल्या माणसांसाठी गायले," काका म्हणाले. "तुम्ही सुपारी घेणार का?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कारण एका हळदीची विचारणा आधीच आली होती, तीही शेजारच्या गावातल्या पाटलांच्या घरची. पाचपैकी तिघांना काम नाही. त्यांना नाही कसं म्हणणार?

आमचं मत स्पष्ट आहे. सुपारी घ्यावी. दर आधी ठरवावा, निम्मी रक्कम आगाऊ घ्यावी आणि जेवण सगळ्यांच्या पंगतीत. वेगळं बसवलं तर वाद्य उचलून निघायचं. कलेचा मोबदला घेण्यात लाचारी नाही. लाचारी असते ती 'नाही' म्हणता न येण्यात.

काकांनी शांतपणे विचारलं, "आणि निघालात, तर ॲडव्हान्स परत द्यायला पैसे आहेत का?"

नव्हते. सगळे बँजोत गेलेले. त्या दिवसापासून मंडळाच्या डब्यात ॲडव्हान्सइतकी रक्कम वेगळी जमवतोय. काल मोजले, 700 झालेत. हळद पुढच्या महिन्यात आहे.