आईने कोलंबियाला कधी जावं?

२०२३ च्या गणपतीतली गोष्ट. रात्रीची आरती झाली होती, खिरापत वाटून झाली होती, आणि बोगोटाहून धाकट्या बहिणीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा सकाळ होती. बातमी गोड होती. डॉक्टरांनी एप्रिलच्या मध्याची तारीख दिली होती. आईने आधी देवापुढे साखर ठेवली आणि मग मला विचारलं, "तिकडे एप्रिलात हवा कशी असते रे?"

बहीण आणि जावई नोकरीच्या निमित्ताने तीन वर्षांपासून कोलंबियात आहेत. नई सडकवर हे समजावून सांगणं सोपं नाही. दहापैकी सात जण "कोलंबो ना? मग काय, जवळच की," असं म्हणतात. दूधवाल्याने तर श्रीलंकेतली मंदिरं कोणती बघायची याची यादीच आईला सांगितली होती. दक्षिण अमेरिका म्हटलं की मात्र सगळे गप्प होतात आणि मग एकच प्रश्न येतो: "थंडी की गरमी?"

हाच प्रश्न मी सोडवायला घेतला. मी बीई, पेशाने सॉफ्टवेअर इंजिनीअर, त्यामुळे घरातलं कुठलंही काम माझ्याकडे आलं की त्याचं आधी एक्सेल होतं. एका रांगेत बारा महिने मांडले. खाली पाऊस, तापमान, विमानाचं भाडं, आणि आपल्या बाजूचं म्हणून दिल्लीचं धुकं, कारण डिसेंबर-जानेवारीत ग्वाल्हेरहून दिल्लीला जाणारी गाडी किती तास उशिरा पोचेल ते कोणीच सांगू शकत नाही.

पहिला धडा असा मिळाला की आपला "हिवाळा-उन्हाळा" तिथे चालतच नाही. बोगोटा विषुववृत्तापासून जेमतेम साडेचार-पाच अंश उत्तरेला आहे. दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखे. सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावरून जातो, त्याच्या मागोमाग पावसाचा पट्टाही दोनदा सरकतो, म्हणून डोंगराळ भागात वर्षाला दोन पावसाळे: एक साधारण एप्रिल-मे, दुसरा ऑक्टोबर-नोव्हेंबर. डिसेंबर ते फेब्रुवारी आणि जुलै-ऑगस्ट त्यातल्या त्यात कोरडे. गंमत म्हणजे तिथले लोक पावसाच्या दिवसांना "इन्व्हिएर्नो" म्हणजे हिवाळा म्हणतात आणि कोरड्या दिवसांना "व्हेरानो" म्हणजे उन्हाळा, मग कॅलेंडरवर महिना कुठलाही असो.

दुसरा धडा: तिथे ऋतू महिन्यावर नसून उंचीवर ठरतो. बोगोटा समुद्रसपाटीपासून २,६०० मीटरवर, तिथे बारा महिने सरासरी १४ अंशांच्या आसपास. मेडेयिन १,५०० मीटरवर, तिथे कायम वसंत. कार्तागेना समुद्रकाठी, तिथे कायम घाम. म्हणजे थंडी हवी असेल तर महिना बदलून काही होत नाही, बस पकडून वर जावं लागतं. शाळेत भूगोलाच्या पेपरात मी हे नक्की लिहिलं असेल, पण कळलं तेव्हा वयाची पस्तिशी आली होती.

तुमच्यापैकी कोणी फिरायला म्हणून जाणार असेल तर थोडं सांगून ठेवतो. कार्तागेना आणि कॅरिबियन किनारा डिसेंबर ते एप्रिल. कान्यो क्रिस्तालेस नावाची नदी, जिच्या तळाशी लाल रंगाची पाणवनस्पती फुलते, ती बघायची तर जून ते नोव्हेंबर. एरवी ती बंदच असते. पॅसिफिक किनाऱ्यावर हंपबॅक व्हेल जुलै ते ऑक्टोबर या काळात येतात. मेडेयिनची फुलांची जत्रा ऑगस्टमध्ये. आणि चोको नावाचा भाग असा की तिथे ऋतू विचारूच नये, वर्षभर पाऊस, जगातल्या सगळ्यांत ओल्या जागांपैकी एक. म्हणजे "कोलंबियाला कधी जावं" याला एक उत्तर नाहीच. कुठे आणि कशासाठी, ते आधी सांगावं लागतं.

माझ्या एक्सेलने मात्र बोगोटासाठी एकच उत्तर हिरव्या रंगात दाखवलं: जानेवारी. नाहीतर जुलै. एप्रिल लाल.

"आई, तू जानेवारीत जा. ऊन असेल, फिरता येईल, महिनाभर राहून ये. मग जुलैत आपण सगळेच जाऊ, तोवर बाळ तीन महिन्यांचं होईल, पाऊसही गेलेला असेल."

आईने स्क्रीनकडे पाहिलं. "अरे, जानेवारीत जाऊन मी काय तिची फिरायची सोय बघू? बाळंतपण एप्रिलात आहे ना? मग मी एप्रिलातच जाणार. पाऊस पडतो तर पडू दे. मी कुठे पतंग उडवायला चाललेय?"

बाबा पेपरामागून हसले. मी चिडलो, कारण माझी काळजी खोटी नव्हती. आई ६४ वर्षांची, रक्तदाबाची गोळी चालू. एकदम २,६०० मीटरवर उतरायचं, तेही दिल्ली-इस्तंबूल-बोगोटा अशा लांबलचक प्रवासानंतर. शिवाय पिवळ्या तापाची लस. कोलंबियातून भारतात परतणाऱ्याकडे या लसीचा दाखला असावाच लागतो, नाहीतर विमानतळावरून थेट विलगीकरणात सहा दिवसांपर्यंत ठेवू शकतात. लस ठरावीक सरकारी केंद्रांतच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीच्या पुढे तिचे गंभीर दुष्परिणाम व्हायची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टर पूर्ण तपासल्याशिवाय हो म्हणत नाहीत. एकदा घेतली की दाखला मात्र आयुष्यभर चालतो. आमच्या डॉक्टरांनी आईचे सगळे कागद दोनदा पाहिले आणि मग होकार दिला. फेब्रुवारीत आम्ही दिल्लीला जाऊन लस घेऊन आलो. त्यानंतरचे दहा दिवस आईला साधी शिंक आली तरी मी थर्मामीटर घेऊन उभा असायचो.

इकडे माझा हिरवा जानेवारी पाहा काय झाला. २०२४ च्या जानेवारीत बोगोटाच्या पूर्वेकडच्या डोंगरांवर वणवे लागले. आठवडाभर बहिणीच्या फोनमध्ये एकच गोष्ट: खिडक्या बंद, धुराचा वास, आकाश करडं. कारण एल निन्यो. पॅसिफिकचं पाणी तापतं आणि तिकडचा पाऊस रुसतो. त्याच एल निन्योच्या वर्षात आपल्याकडे २०२३ चा ऑगस्ट १९०१ पासूनचा सगळ्यांत कोरडा ऑगस्ट ठरला होता. मी जी आकडेवारी भरली होती ती अनेक वर्षांच्या सरासरीची. आई त्या वेळी गेली असती तर सात महिन्यांच्या गरोदर मुलीबरोबर ती धुरात बसली असती, आणि एप्रिलच्या आधी परतही आली असती. मी हे तिला बोललो नाही. तिनेही विचारलं नाही, पण जेवताना बाबांनी मुद्दाम विचारलं, "काय म्हणतो तुझा हिरवा रंग?"

धुळवड २५ मार्चला झाली आणि २८ ला आई निघाली. बॅगेत डिंकाचे लाडू, अळिवाचे लाडू, सुंठ, बाळंतशेपा, जुन्या मऊ साड्यांची दुपटी. गजक न्यायची तिची फार इच्छा होती, पण ग्वाल्हेरात गजक थंडीतली, मार्च संपताना चांगली मिळत नाही. ऋतू चुकला म्हणून तिला वाईट वाटलं ते एवढंच.

पहिले चार दिवस ती जिना चढताना थांबत होती. दम लागे, डोकं दुखे. पाचव्या दिवशी सवय झाली आणि तिने स्वयंपाकघराचा ताबा घेतला. तिथे तिला एक कोडं पडलं: चहा पटकन उकळतो पण उतरत नाही, आणि पातेल्यात ठेवलेली डाळ तासभर शिजत नाही. मी फोनवर सांगितलं, उंचीमुळे हवेचा दाब कमी, पाणी तिथे ९१ अंशांच्या आसपासच उकळतं. ती म्हणाली, "मग कुकरच लावते," आणि फोन ठेवला. रस्त्यात इतक्या पल्सर दिसतात की पुण्यात आल्यासारखं वाटतं, हेही तिनेच कळवलं.

९ एप्रिलला तिने सहाव्या मजल्याच्या खिडकीत पडद्याच्या दांडीला गुढी बांधली. आणि त्याच आठवड्यात, ज्या महिन्याला मी "पाऊस" म्हणून लाल केलं होतं त्या महिन्यात, ११ एप्रिलपासून बोगोटात पाण्याची कपात सुरू झाली. पाऊस आलाच नव्हता. शहराला सुमारे ७० टक्के पाणी देणाऱ्या चिंगासाच्या धरणांत २० टक्क्यांहूनही कमी साठा उरला होता. शहराचे नऊ भाग केले. प्रत्येक भागाची पाळी आली की सकाळी आठपासून दुसऱ्या दिवशी सकाळी आठपर्यंत नळ बंद. महापौरांनी तर पाणी वाचवायला जोडप्यांनी एकत्र आंघोळ करावी असंही सुचवलं. बहिणीने हे आईला भाषांतर करून सांगितलं की नाही, मला माहीत नाही.

बहीण घाबरली. नववा महिना, आणि पाणी नाही. तिच्या पिढीने, खरं तर माझ्याही, पाणी भरून ठेवणं कधी मनावर घेतलेलं नाही. आमच्यासाठी ते आईचं काम होतं. पण नई सडकच्या घरात चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला यात नवीन काय? तिघऱ्याचं पाणी खाली गेलं की आमच्याकडे एक दिवसाआड नळ. (तिघऱ्याचे दरवाजे खडकवासल्यासारखे विश्वेश्वरय्यांच्या पद्धतीचे, स्वयंचलित, हे बाबा प्रत्येक पाहुण्याला सांगतात. पण दरवाजे कितीही हुशार असले तरी ते पाणी कुठून आणणार?) आईने जावयांना बाजारात पाठवून झाकणाच्या दोन मोठ्या बादल्या आणि एक पिंप आणवलं. प्यायचं पाणी वेगळं, बाळाचं वेगळं, भांड्यांचं वेगळं. तांदूळ धुतलेलं पाणी झाडांना. इमारतीची टाकी पाळीच्या दिवशी संध्याकाळीच संपली. वरच्या-खालच्या मजल्यावरच्या दोन घरांना आमच्या पिंपातून पाणी गेलं.

रामनवमीच्या आदल्या दिवशी, १६ एप्रिलला, भाची जन्मली. बाळ-बाळंतीण घरी आल्या त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या भागाची पाळी आली. बाळाच्या आंघोळीचं पाणी गॅसवर तापत होतं. बहिणीने त्या दिवशी मला एवढंच लिहिलं: "दादा, आई नसती तर मी आज रडले असते."

खालच्या मजल्यावरच्या आजी, ज्यांना पाणी दिलं होतं, त्या कोंबडीचं सूप घेऊन आल्या. आईने हसून ते जावयांपुढे सरकवलं. मग आजींनी हातवारे करून बहिणीला दटावलं: डोकं झाक, कानात कापूस घाल, गार पाण्यात हात नको, चाळीस दिवस. तिकडे त्याला "दिएता" म्हणतात. आई उडालीच. "अगं, यांच्याकडेही सव्वा महिना असतो!" दुसऱ्या दिवशी आजींनी दालचिनी घातलेलं गरम "आग्वा दे पानेला" आणलं. आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, हे तर गुळाचं पाणी. तसंच आहे ते. पानेला म्हणजे उसाचा गूळच, आणि गूळ करण्यात भारताच्या मागोमाग कोलंबियाचा नंबर लागतो. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. चाळीस दिवस त्या रोज बोलल्या.

आई १८ जूनला परतली. परतीचा महिना आम्ही कोणीच निवडला नव्हता, व्हिसाच्या दिवसांनी तो ठरवला होता. चौदा अंशांतून ती दिल्लीच्या पंचेचाळीसमध्ये उतरली. विमानतळावर पिवळं कार्ड दाखवलं, बाहेर आली, आणि मला पाहिल्यावर पहिलं वाक्य, "घरी नळ येतोय का?"

आता बाबांना जायचंय. नातीला अजून त्यांनी फोनवरच पाहिलंय. बोगोटातली पाणीकपात नऊ महिन्यांनंतर, २०२५ च्या जानेवारीतही, संपलेली नव्हती. मी परवा पुन्हा ती एक्सेल उघडली आणि त्यात धरणांच्या साठ्याचा एक रकाना वाढवला. बाबा खुर्ची ओढून शेजारी बसले. जुलैचं भाडं, डिसेंबरचं धुकं, ऑगस्टमधली फुलं, सगळं त्यांनी ऐकून घेतलं.

"ते राहू दे. ती चालायला कधी लागेल म्हणाली तुझी बहीण?"

"वाढदिवसाच्या आसपास."

"मग एप्रिल."

तो रकाना अजून लालच आहे. बाबांचं वय ६९, आणि साखरही थोडी वाढलेली. लसीबद्दल विचारायला डॉक्टरांची वेळ येत्या सोमवारची मिळाली आहे. गजकचे दोन डबे मात्र आईने आत्ताच, जानेवारीतच, आणून फ्रीजमध्ये ठेवले आहेत.