मागून येताहेत

पन्नाशी उलटली कीं मनुष्याला कोणतें तरी वेड लागतेंच, असें आमचें निरीक्षण आहे. कोणी आपल्या घराण्याची वंशावळ शोधूं लागतो, कोणी होमिऑपथीच्या गोळ्या वाटूं लागतो. आम्हांस सायकलीचें वेड लागलें. प्रकृतीचें निमित्त झालें हें खरें. पण औषध म्हणून घेतलेल्या वस्तूची पुढें चटक लागते, तसेंच हें झालें.

वास्तविक सायकल आम्हांस नवी नव्हे. आमचे वडील नगर शहरापासून सात मैलांवरच्या एका खेड्यांत प्राथमिक शिक्षक होते, आणि काळ्या रंगाची चोवीस इंची हर्क्युलिस हेंच त्यांचें वाहन. त्या काळीं पुष्कळशा नगरपालिका सायकलीवर कर घेत व पावतीबरोबर एक बिल्ला देत. तो बिल्ला वडील दर वर्षीं स्वतःच्या हातानें बसवीत. दिव्यावांचून रात्रीं सायकल चालविणें आणि डबलसीट बसणें, हे दोन गुन्हे आम्हां मुलांनाहि ठाऊक होते. वडिलांच्या लेखीं मात्र तिसराहि एक गुन्हा होता आणि तो कोणत्याहि कायद्यांत लिहिलेला नव्हता. रस्त्यांत कोणी सायकल घेऊन उभा असेल, तर ‘काय झालें?’ असें विचारल्याशिवाय पुढें जाणें, हा तो गुन्हा. त्यांच्या पिशवींत हजेरीपुस्तकाशेजारीं पाना, सोल्युशनची नळी आणि रबराचे तुकडे असत. पंप चौकटीला अडकविलेला असे. त्यामुळें सात मैलांच्या रस्त्याला कधीं कधीं दीड तास लागे. शाळेंत पोंचावयास उशीर झाला, तर तो स्वतःच्याच नांवापुढें लाल शाईनें मांडणारे ते गृहस्थ होते.

ती सायकल गेली, स्कूटर आली, मोटार आली. मधल्या तीस-चाळीस वर्षांत सायकल ही गरिबीची खूण ठरली. आतां ती परत आली आहे. परंतु तिचें कूळ पालटलें आहे. ३ जून २०२० रोजीं, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनीं, अॅटलस कंपनीचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला. साधी काळी सायकल ज्यांनीं घरोघरीं नेली त्यांपैकीं ही एक कंपनी. आणि त्याच सुमारास गांवोगांवचे डॉक्टर, वकील व प्राध्यापक पाऊण लाखाच्या गिअरच्या सायकलींवरून पहांटे फिरतांना दिसूं लागले. आम्हीहि त्यांतलेच एक, हें आधींच कबूल करून टाकतों.

सायकलस्वाराचा खरा ऋतु शरद. १९२३ सालीं सहा पारशी तरुण मुंबईहून सायकलींवर जगप्रवासास निघाले, तेहि पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर महिन्यांतच. त्यांपैकीं आदि हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगारा हे तिघे पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करून १९२८ सालीं परतले. आजहि पुण्याहून गोव्यापर्यंतची सहाशें किलोमीटरांहून अधिक लांबीची शर्यत नोव्हेंबरांत होते. २०१५ सालीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरांची शर्यत नाशिकच्या डॉ. महाजन बंधूंनीं दोघांच्या संघानें पुरी केली. दोनच वर्षांनीं लष्करांतील डॉक्टर श्रीनिवास गोकुळनाथ व नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनीं तीच शर्यत एकेकट्यानें पार पाडली. अशा वार्ता वाचल्या कीं आमच्यासारख्यांच्या पायांनाहि उगीचच खाज सुटते.

पण आमच्या वयाला शर्यत शोभत नाहीं. आम्हांस शोभतें तें ‘ब्रेवे’. हा प्रकार मूळचा फ्रान्समधला. पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन पुन्हा पॅरिसला परतण्याची १,२०० किलोमीटरांची जी फेरी १८९१ सालीं सुरू झाली, तिच्या परंपरेंतलीं हीं लहान भावंडें. दोनशें किलोमीटरांस साडेतेरा तास, तीनशेंस वीस, चारशेंस सत्तावीस आणि सहाशेंस चाळीस तास अशी मुदत असते. पहिला-दुसरा क्रमांक कोणालाच नाहीं. मुदतींत पोंचले ते सारे सारखे. वाटेंत ठरलेल्या ठिकाणीं आपल्या कार्डावर शिक्का घ्यावयाचा, सायकल बिघडली तर आपली आपण दुरुस्त करावयाची. पदक हवें असल्यास त्याचे पैसे वेगळे भरावयाचे! विकत घेतलेल्या त्या पदकाचें आम्हांस पदवीइतकें अप्रूप वाटावें, ही गंमत वाचकांनीं लक्षांत ठेवावी.

त्या वर्षीं दिवाळीनंतरच्या रविवारीं आम्ही असेच दोनशें किलोमीटरांसाठीं निघालों. नगरहून मनमाड रस्त्यानें कोपरगांवच्या थोडें पलीकडे जाऊन परत यावयाचें होतें. (१४९० सालीं मलिक अहमदानें वसविलेल्या ह्या शहराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, तोंडांत अजून ‘नगर’च येतें, त्याची क्षमा असावी.) पहांटे सहा वाजतां विळद घाट उतरलों, तेव्हां अंगावर कांटा उभा राहण्याइतकी थंडी होती. राहुरीला मुळा, कोल्हारला प्रवरा आणि कोपरगांवला गोदावरी अशा तीन नद्या ह्या रस्त्यावर ओलांडाव्या लागतात, आणि पावसाळ्यानंतर त्या तिन्ही पाहण्यासारख्या असतात. दोहों बाजूंस ऊस उभा होता. सहकारी तत्त्वावर साखर कारखाना उभारण्याचा थोर प्रयोग विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांनीं ह्याच मुलखांत, लोणीजवळ प्रवरानगरास केला व १९५० सालीं तेथें पहिला गळीत हंगाम झाला. गळीताचे दिवस आले कीं अजूनहि सारा रस्ता उसाचा होतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर, बैलांच्या टायरगाड्या, आणि वाटेवर सांडलेल्या कांड्या. त्यांतून जातांना सायकलस्वाराचा जीव मुठींत असतो.

कोपरगांवीं शिक्का घेतला तेव्हां दुपारचे बारा वाजून गेले होते. परततांना वारा समोरून आला आणि पाय जड झाले. कोल्हार मागें टाकून राहुरीकडे येतांना घड्याळांत चार वाजून दहा मिनिटें झालीं होतीं. साडेसातापूर्वीं नगर गांठणें जरूर, आणि शेवटीं विळद घाटाचा चढ शिल्लक! मनांत एकसारखी त्रैराशिकें चालली होतीं.

तेवढ्यांत रस्त्याच्या कडेला एक म्हातारा उभा दिसला. काळी जुनी सायकल, कॅरेजवर उसाच्या वाढ्यांचा भला मोठा भारा आणि मागलें चाक पार बसलेलें. आम्हांस पाहून त्यानें हात वर केला. “सायेब, पंक्चरचं सामान हाय का?” सामान होतें. पंप होता, रबराचे तुकडे होते, सोल्युशन होतें. आम्हीं पायडल थांबविलें नाहीं. मागें हात करून म्हणालों, “मागून येताहेत बघा, ते देतील!”

सात वाजून बारा मिनिटांनीं आम्ही नगरास पोंचलों. टाळ्या झाल्या, शिक्का झाला, छायाचित्र झालें. मुदतीला अठरा मिनिटें बाकी होतीं. रात्रीं अंथरुणावर पडल्यावर ह्या अठरा मिनिटांनीं आम्हांस झोंपूं दिलें नाहीं. पंक्चर काढावयास किती वेळ लागतो? वडिलांना पंधरा मिनिटें लागत. आम्ही थांबलों असतों तरी वेळेंत पोंचलों असतों, असें प्रथम मनांत आलें. मग त्याहून वाईट विचार आला. पोंचलों नसतों, तर काय बिघडलें असतें? ज्या फेरींत क्रमांक नाहींत, तिचीच आम्हीं शर्यत केली होती, आणि तींत मागें टाकला तो एक म्हातारा.

पुढच्या रविवारीं कोणालाहि न सांगतां आम्ही एकटेच पुन्हा त्या रस्त्यानें गेलों. चहाच्या एका टपरीवर चौकशी केली. सायकलवाला म्हातारा म्हणतांच टपरीवाल्यानें ऊसतोडीच्या मजुरांच्या तळाकडे बोट दाखविलें. पाचटाच्या खोपींपुढें म्हातारा नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. मुलगा व सून फडांत गेलीं होतीं. पाथर्डीकडच्या एका गांवाहून दसऱ्यानंतर निघून हें कुटुंब दर वर्षीं येतें. बैलांकडे पाहणें आणि नातू सांभाळणें, हें म्हाताऱ्याचें काम.

“बाबा, मागच्या रविवारीं तुमची सायकल पंक्चर झाली होती ना?”

“व्हय. तुम्हाला कसं ठावं?”

आम्हीं सांगून टाकलें. आमच्या अंगावरच्या भडक बंडीकडे पाहून त्याला ओळख पटली असावी. तो हंसला. “आसं हाय व्हय! लई जन गेले त्या दिशी. समदेच म्हनले, मागनं येत्यात. पार शेवटचा गडीबी त्येच म्हनला. त्याच्या मागं कोनी न्हवतंच.”

“मग?”

“मग काय? आलो ढकलत दोन कोस. बैलं काय सायकलीची वाट बघत्यात व्हय?”

त्याच्या बोलण्यांत तक्रार नव्हती, आणि तेंच आम्हांस जड गेलें. शिवी दिली असती तर हिशेब तरी फिटला असता. चाकाकडे पाहिलें तों पंक्चर काढलेलें होतें. टायरला पडलेल्या भोंकाच्या आंत जुन्या टायरचा तुकडाहि घातलेला होता. आम्हांस करावयास कांहींच उरलें नव्हतें. त्यानें मात्र आमच्यासाठीं बिनदुधाचा चहा ठेवला आणि आमच्या सायकलीभोंवतीं एक फेरी घातली.

“केवढ्याची?”

आम्हीं निम्मी किंमत सांगितली. ती ऐकूनहि त्यानें गोठ्याकडे पाहिलें. बैलाच्या मोलाशीं ताडून पाहिलें असावें.

“स्टँड न्हाई, मडगार्ड न्हाई, कॅरेज न्हाई,” तो म्हणाला. “मग हिच्यावर नेता काय?”

ह्या प्रश्नाला आम्हांस उत्तर सुचलें नाहीं. वडिलांच्या सायकलीवर धान्याची पिशवी येई, आजारी शेजारी दवाखान्यांत जाई, पुढच्या नळीवर आम्ही बसत असूं. आमच्या ह्या हलक्या, महागड्या सायकलीवरून आम्ही आजवर फक्त आम्हांसच नेलें होतें.

पदक यथाकाळीं टपालानें आलें. तें आम्हीं परत केलें नाहीं, कारण तसा देखावा करण्यांतहि एक प्रकारचा पदकाचाच मोह असतो. तें टेबलाच्या खणांत आहे. तीनशें किलोमीटरांची फेरी ह्याच हंगामांत आहे व आम्हीं नांवहि नोंदविलें आहे. फक्त निघण्यापूर्वीं सायकलीला एक लोखंडी कॅरेज बसवून घेतलें. मंडळी हंसतात, म्हणतात, उगीच वजन वाढविलेंत, चढावर जाणवेल. जाणवतें खरेंच. त्या कॅरेजवर वडिलांची जुनी पिशवी बांधली आहे आणि तींत पाना, सोल्युशन व रबराचे तुकडे आहेत. वीस तासांच्या मुदतींतून आम्हीं एक तास आधींच वजा करून ठेवला आहे.