ॲव्हरेजची वही

सोलापूर जिल्ह्यात मोठ्या गाडीविषयीचे बोलणे बहुधा ॲव्हरेजपासून सुरू होते. एका लिटर इंधनात गाडी किती किलोमीटर धावते या आकड्याला इथे ॲव्हरेज म्हणतात, आणि तो विचारणारा माणूस स्वतः गाडी घेणार असतोच असे नाही. बाहेरून आलेल्याला ही अवर्षणप्रवण मुलखातली काटकसर वाटते, आणि तीत काटकसर आहेही. परंतु वर्षानुवर्षे हा आकडा वहीत उतरवून ठेवणाऱ्या मालकाला त्यातून आणखी काही मिळत असते: बॉनेट उघडूनही ज्या यंत्राविषयी आता फारसे कळत नाही, त्याच्या प्रकृतीची कोणाच्याही मध्यस्थीशिवाय मिळणारी ती जवळजवळ एकमेव खबर आहे.

१९७० च्या आसपास जन्मलेल्या सोलापूरकराच्या आयुष्यात ही गाडी आली ती जीप या रूपाने, आणि ती कधीच त्याच्या घरची नव्हती. विलिज कंपनीच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत जोडण्याचे काम महिंद्रने १९४७ मध्ये सुरू केले आणि पुढची चार दशके ग्रामीण महाराष्ट्रात जीप म्हणजे सत्तेचे वाहन राहिले: तहसीलदार, फौजदार, पुढारी आणि साखर कारखान्याच्या शेतकी खात्याचा अधिकारी त्यातून उतरत. सामान्य माणूस तिच्यात चढला तो वडापमुळे. खासगी जीपमधून माणशी भाडे घेऊन, जागा संपल्यावरही माणसे भरत चालणारी ही वाहतूक एसटीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळेवर जगत असे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस पुण्याच्या बजाज टेम्पोची ट्रॅक्स आली आणि वडापला जणू हक्काची गाडी मिळाली. अर्धा देह दाराबाहेर ठेवून गाडी हाकणारा चालक माणसांची डोकी आणि डिझेलचे लिटर यांचा हिशेब एकाच वेळी मनात करी. त्या गाडीत लपवण्यासारखे काही नव्हते. मागे पाटे, म्हणजे एकावर एक ठेवून आवळलेल्या पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग, आणि पुढे बॉनेट उघडताच सरळ दिसणारे इंजिन. मोहोळच्या नाक्यावरचा मिस्त्री पाना आणि पेचकस एवढ्यावर ती उभी करी, आणि शेजारी उभे राहून पाहणाऱ्या मुलालाही काय बिघडले होते ते समजे.

१९९४ मध्ये टाटा सुमो आली आणि सात-आठ माणसांचे कुटुंब एका गाडीत बसवून तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर असे देवदर्शन करण्याची सोय झाली. गाडी अर्थातच भाड्याची असे आणि तिचे भाडे किलोमीटरवर ठरे. मध्यमवर्गाच्या बोलण्यात ॲव्हरेज शिरले ते या हिशेबातून, कारण दर परवडत नाही असे सांगताना गाडीमालक आधी आपल्या गाडीचे ॲव्हरेज सांगत असे.

मोटार या वस्तूशी सोलापूरचे नाते मात्र याहून जुने आहे, आणि ते शहरातही फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ मध्ये सोलापुरातला. त्यांच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी डॉज आणि प्लिमथ आणि पुढे फियाट बाहेर पडली. याच प्रीमियरने २००९ मध्ये रिओ नावाची चार मीटरपेक्षा कमी लांबीची छोटी एसयूव्ही काढली, म्हणजे पुढे ज्या मापाच्या गाड्यांनी बाजार व्यापला त्या मापाची गाडी इतरांच्या आधी काढली, पण ती फारशी खपली नाही. आज सोलापूरच्या औद्योगिक वसाहतींत प्रिसिजन कॅमशाफ्ट्स ही कंपनी इंजिनाच्या झडपा ठरल्या क्षणी उघडणारे दांडे, म्हणजे कॅमशाफ्ट, घडवते आणि ते परदेशी मोटार कंपन्यांनाही जातात. किर्लोस्कर फेरसच्या भट्टीत वाहनउद्योगासाठी ओतकाम होते. चादरी आणि टॉवेल यांच्या या गावात इंजिनाचे काळीज घडते, तरी गाडीच्या ॲव्हरेजवर तासभर बोलणाऱ्याला ते ठाऊक असतेच असे नाही.

स्वतःची गाडी येण्याचा काळ म्हणजे २००० मध्ये आलेली बोलेरो आणि २००२ मध्ये आलेली स्कॉर्पिओ यांचा काळ. दोन्ही गाड्या लॅडर फ्रेमवर उभ्या, म्हणजे शिडीच्या आकाराच्या जाड पोलादी सांगाड्यावर वरची पेटी बसवलेल्या. काळ्या मातीवरच्या रस्त्यांवर, जी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते व डांबराला कधी स्वस्थ बसू देत नाही, हा सांगाडा टिकतो असा इथला अनुभव. उसाचे बिल जमा झाले, सांगोल्याकडे डाळिंबाला भाव मिळाला, की पाडव्याला किंवा दसऱ्याला चाकाखाली लिंबू ठेवून गाडी शोरूममधून निघे आणि पहिली फेरी सिद्धेश्वराच्या देवळापर्यंत होई. वहीही बहुधा त्याच आठवड्यात सुरू होते. तिची रीत साधी आहे: पंपावर टाकी काठोकाठ भरायची, किलोमीटरचा आकडा लिहायचा, काही दिवस गाडी चालवून शक्यतो त्याच पंपावर पुन्हा टाकी भरायची आणि मधल्या किलोमीटरांना दुसऱ्या वेळी बसलेल्या लिटरांनी भागायचे. याला टाकी टू टाकी म्हणतात, आणि डॅशबोर्डवर आपोआप उमटणाऱ्या आकड्यापेक्षा जुन्या मालकाचा यावरच अधिक विश्वास असतो; तो विश्वास रास्त आहे, कारण डॅशबोर्डवरचा आकडा अंदाजाने काढलेला असतो आणि पुष्कळ गाड्यांत तो थोडा उदार असतो.

कंपनीने सांगितलेला आकडा आणि वहीतला आकडा जुळत नाहीत, तेव्हा नवा मालक फसवणूक झाल्याचे धरून चालतो. प्रत्यक्षात तो अधिकृत आकडा प्रयोगशाळेतला असतो. पुण्याच्या एआरएआय या संस्थेसारख्या चाचणी केंद्रात गाडीची चाके फिरत्या रुळांवर ठेवून, ठरवून दिलेल्या वेगाच्या आराखड्यानुसार वीस मिनिटांच्या आत ही चाचणी होते. वेग ताशी ९० किलोमीटरच्या वर जात नाही, एसी बंद असतो, समोरून वारा नसतो आणि मागच्या सीटवर आत्या व तिचे सामान नसते. सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुष्कळ वर असताना एसीचा कॉम्प्रेसर इंजिनाकडून जी शक्ती ओढतो, तिचा त्या आराखड्यात पत्ताच नाही. पुण्याचा रस्ता चौपदरी झाल्यावर तर एक विपरीत गोष्ट घडली. पाटस, सरडेवाडी, वरवडे, सावळेश्वर असे टोल भरत जाणाऱ्या त्या गुळगुळीत रस्त्यावर ॲव्हरेज वाढायला हवे होते, अनेकांचे घटले. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून ताशी ६० ऐवजी १०० ने जाणाऱ्या गाडीला जवळजवळ पावणेतीन पट विरोध सोसावा लागतो, आणि बोलेरोसारखे सरळ उभे नाक असलेल्या गाडीला तो अधिकच जाणवतो. रस्त्याने वाचवलेले इंधन वेगाने खाल्ले.

वहीचा खरा उपयोग मात्र अशा तुलनेपेक्षा आकडा अचानक घसरतो तेव्हा होतो. चौदावर स्थिर असलेली गाडी बारावर आली आणि रस्ता, भार, ऋतू यांत काही बदल नसेल, तर काहीतरी बिघडू लागले आहे असे मालकाला दिवा पेटण्यापूर्वीच कळते. उसाच्या ट्रॉल्यांमागून फुफाट्यात चालून एअर फिल्टर, म्हणजे इंजिनात जाणारी हवा गाळणारी कागदी घडी, भरलेली असेल. चाकात हवा कमी असेल. एखाद्या चाकाचा ब्रेक पूर्ण सुटत नसेल आणि थांबल्यावर त्या चाकाची तबकडी हाताला चटका देत असेल. किंवा डिझेलचा फवारा सोडणारा इंजेक्टर ठिबकू लागला असेल. यांपैकी काय ते वही सांगत नाही, पण ती मालकाला वर्कशॉपच्या काउंटरवर रिकाम्या हाताने उभे राहू देत नाही.

काउंटर हा शब्द इथे मुद्दाम योजला आहे. मिस्त्रीच्या गॅरेजात मालक गाडीशेजारी उभा राहत असे. कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात तो काचेपलीकडे, एसीत, चहाच्या कागदी कपासह बसतो. सर्व्हिस ॲडव्हायझर जॉब कार्ड भरतो, म्हणजे कोणती कामे करायची त्याचा करारवजा कागद करतो. गाडी आत जाते, संगणकाला जोडली जाते आणि संध्याकाळी बिलासह परत येते. पहिल्या काही सर्व्हिस मोफत असतात याचा अर्थ मजुरी मोफत, ऑइल आणि फिल्टरचे पैसे द्यावेच लागतात, हे पहिल्या बिलाच्या वेळी कळते. या पद्धतीत वाईट काही नाही. ठरलेल्या दर्जाचे ऑइल पडते, वॉरंटी टिकते, केलेल्या कामाची नोंद राहते. फक्त बिलात न मागितलेले इंजिन फ्लशिंग किंवा अंडरबॉडी कोटिंग दिसते तेव्हा ते गरजेचे होते की नव्हते हे ठरवण्याचे साधन मालकापाशी नसते, आणि मिस्त्रीपाशीही नसते, कारण सुटे भाग व निदानाचा संगणक दोन्ही बराच काळ कंपन्यांनी आपल्या साखळीतच ठेवले होते. भारतीय स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये याच कारणासाठी चौदा मोटार कंपन्यांना मिळून २,५४४ कोटी रुपयांहून अधिक दंड ठोठावला. बाहेरच्या गॅरेजांना भाग आणि माहिती न मिळू देणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर आहे, असे त्या आदेशाचे सार होते. पुढे ते प्रकरण वरच्या न्यायालयांत गेले. इथला चाणाक्ष मालक त्याआधीच मधला मार्ग काढून बसला होता: वॉरंटी असेपर्यंत कंपनीत, नंतर कंपनीतून बाहेर पडून स्वतःचे गॅरेज टाकलेल्या मुलाकडे.

इंधनाचे गणितही या काळात बदलले. २०१२ च्या सुमारास पेट्रोल आणि डिझेल यांच्या दरांत लिटरमागे पंचवीस रुपयांहून अधिक अंतर होते, तेव्हा डिझेल गाडी घेणे हा विचार करण्याचा विषयच नव्हता. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त झाले आणि ते अंतर आटत गेले. एप्रिल २०२० पासून बीएस-६ हे प्रदूषणाचे मानक लागू झाले आणि डिझेल गाडीच्या धुराच्या नळीत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, आली. साठलेली काजळी सुमारे सहाशे अंश तापमानाला जळते आणि एवढी उष्णता मिळण्यासाठी गाडी काही वेळ सलग वेगात चालावी लागते. जुळे सोलापुरातून नवी पेठ आणि परत एवढीच जिची धाव, त्या गाडीची गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि वर्कशॉपातून सल्ला मिळतो की हायवेला एक चक्कर मारून या. त्या चकरेत काजळी जाळण्यासाठी जास्तीचे डिझेल फवारले जाते. शहरापुरती गाडी वापरणाऱ्याला डिझेल एसयूव्ही विकू नये, असे आता स्पष्ट म्हणायला हवे. शोरूममध्ये ते सहसा कोणी म्हणत नाही. काही मोठ्या डिझेल गाड्यांत तर युरियाचे साडेबत्तीस टक्के द्रावण स्वतंत्र टाकीत ओतावे लागते, त्याने धुरातील नायट्रोजनचे विषारी ऑक्साइड निवळतात. ज्याच्या गोठ्यामागे युरियाच्या गोण्यांची थप्पी आहे त्या शेतकऱ्याला ही गोष्ट प्रथम विनोदी वाटते आणि मग मोहात पाडते. पण शेतीच्या युरियावर २०१५ पासून सक्तीने कडुनिंबाच्या तेलाचा थर असतो आणि तो त्या यंत्रणेची वाट लावतो.

पेट्रोलकडे वळलेल्याची गंमत निराळी आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट गाठले गेले, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक-तृतीयांश कमी ऊर्जा असल्याने मिश्रणाचे ॲव्हरेज काही टक्क्यांनी घटते. हे इथेनॉल काही अंशी उसापासून येते आणि सोलापूर हा राज्यातल्या साखर कारखान्यांच्या दाट वस्तीचा जिल्हा आहे. म्हणजे माळशिरस किंवा माढ्यातील ऊस उत्पादकाच्या वहीतला आकडा ज्या कारणाने खाली येतो, त्याच कारणाने कारखान्याच्या डिस्टिलरीत पैसा येतो आणि त्याच्या उसाचे बिल वेळेवर निघण्याची शक्यता वाढते. वहीच्या एका पानावरचे नुकसान पासबुकाच्या दुसऱ्या पानावर अंशतः भरून निघते, मात्र त्याच गावात ऊस न लावणाऱ्या कोरडवाहू शेतकऱ्याला किंवा शहरातल्या शिक्षकाला असे दुसरे पान नसते.

गाडी निवडताना इंधनासोबत करही आड येतो, आणि तो गाडीची मापेसुद्धा ठरवतो. चार मीटरच्या आत लांबी आणि दीड हजार सीसीच्या आत डिझेल इंजिन असेल तर सवलत, या नियमामुळेच आजच्या बोलेरोची लांबी ३,९९५ मिलिमीटर आणि इंजिन १,४९३ सीसीचे आहे. सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेतील गाड्यांवर अठरा टक्के आणि मोठ्या गाड्यांवर चाळीस टक्के जीएसटी आहे.

दहा-बारा वर्षांनी गाडी विकायची वेळ येते तेव्हा खरेदीदार कंपनीच्या संगणकातली सर्व्हिसची नोंद मागतो आणि ती पाहून समाधान झाल्यासारखे दाखवतो. मग तो आपल्याबरोबर आणलेल्या मिस्त्रीकडे पाहतो. मिस्त्री बॉनेट उचलतो, ऑइलची पट्टी ओढून बोटांत चोळतो, वास घेतो, कारण काजळी जाळताना न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरले असेल तर ऑइल पातळ होते आणि पातळी खुणेच्या वर चढते. गाडी चालू करून सायलेन्सरपाशी हात धरतो, चासीला गंज आहे का ते वाकून पाहतो. मालक वही पुढे करतो. मिस्त्री शेवटची काही पाने उलटतो, उन्हाळ्याचे आकडे हिवाळ्याच्या आकड्यांशी ताडून पाहतो, आणि किमतीची बोलणी तिथून सुरू होतात.