बुजवलेली भोकं

नळ गळतो म्हणजे वायसर गेला, एवढंच माझं नळशास्त्र. कळंबमध्ये नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढवण्यात आयुष्य गेलं. रात्री-अपरात्री दारं धरलेल्या माणसाला पाण्याबद्दल कुणी शिकवावं, हे मला पटत नसे.

मुलानं पुण्याहून अंगणातल्या नळासाठी एक पितळी तुकडा आणला. वर टोपी, टोपीखाली भोकं. पाणी उलटं ओढलं जायला लागलं की त्या भोकांतून हवा आत शिरते आणि ओढ तुटते. "आप्पा, नळातलं पाणी मागंही जातं," असं तो म्हणाला. मी हसलो. पुढं टोपीखालून पाणी ठिबकायला लागलं तेव्हा मला बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू. भोकांत एम-सील भरलं. गळती थांबली.

मग एका सकाळी पंचायतीचं पाणी आलं आणि स्वयंपाकघरातल्या नळाच्या पहिल्या धारेबरोबर कळशीत सरकीच्या पेंडीचे कण उतरले. आधी मी घरच्यांनाच बोललो, कळशी नीट घासली नाही म्हणून. नंतर गोठ्यातल्या हौदाकडं गेलो. पाइपाचं टोक पाण्यात बुडलेलं. पाणी आलं की हौद भरावा म्हणून अंगणातला नळ उघडाच. पाणी गेल्यावर खालच्या आळीत कुणीतरी नळ सोडतंच, लाइन उतरते आणि वरच्या घरांतून ओढ लागते. पाणी गेलेला नळ हवा ओढतो, हे लहानपणापासून पाहत आलोय. हवेच्या जागी हौद ओढला जाईल, हे कधी डोक्यात आलं नाही. आणि ती ओढ तोडणारी भोकं मीच लिंपली होती. फवारणीचा ड्रमही मी त्याच पाइपानं भरतो. खालच्या आळीत काय गेलं, हे विचारायची हिंमत मला अजून झालेली नाही.

1933 साली शिकागोत जागतिक प्रदर्शनाच्या वेळी हॉटेलांतल्या सदोष नळजोडणीमुळं मैला पिण्याच्या पाण्यात मिसळला आणि आमांशानं 98 माणसं दगावली, हे पुढं वाचलं.

एम-सील कोरून काढलं. आतल्या रबरी चकतीवर क्षाराचा थर होता, म्हणून ती नीट बसत नव्हती. लिंबाच्या रसात बुडवून घासली. पाइपाच्या टोकाचा कॉकही काढला. त्यानं दाब अडकून राहतो आणि चकती चिकटू शकते. नळ बंद करताना टोपीखालून चार थेंब पडतात, ते पडायचेच. पाइप आता हौदाच्या काठापासून वीतभर वर बांधलाय.

मुलाला फोनवर क्षाराचं सांगितलं. एम-सीलचं अजून नाही.