पैनगंगेकांठची दंडार

नागपूरहून हैदराबादेकडे जाणारा हमरस्ता पांढरकवडा सोडून पैनगंगेकडे उतरूं लागला, कीं कापसाच्या शेतांमागून सागाच्या टेकड्या डोकें वर काढूं लागतात. नदीच्या अलीकडे आपला यवतमाळ जिल्हा, पलीकडे तेलंगणांतील आदिलाबाद. यवतमाळ म्हटलें कीं कापूस आणि कर्जबाजारी शेतकरी यांपलीकडे आपल्या मनांत फारसें कांहीं येत नाहीं. माझेंही तसेंच होतें. माझा पुतण्या त्या बाजूच्या एका महाविद्यालयांत शिकवितो. गेल्या दिवाळीपूर्वीं त्याचा फोन आला, "काका, यंदा वसुबारसेला इकडे या. आमच्या विद्यार्थ्यांची दंडार तुम्हांला दाखवायची आहे." ऐन सणांत घर सोडण्यास वडील मंडळींची खुशी नव्हती, परंतु भाऊबीजेस परत येईन असें कबूल करून मी निघालों.

वाचकांपैकीं पुष्कळांस दंडार हें नांवही नवें असेल, म्हणून थोडें सांगतों. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील गोंड व कोलाम वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास तरुणांचे जथे गात-नाचत गांवोगांव फिरतात. आश्विनी पौर्णिमेपासून हें फिरणें सुरू होतें व नरकचतुर्दशीच्या सुमारास संपतें. जथ्यांत वादक असतात, टिपऱ्या घेऊन नाचणारे असतात, स्त्रीवेष घेतलेले तरुण असतात. पण साऱ्यांचें लक्ष वेधून घेतो तो घुसाडी. डोक्यावर मोरपिसांचा प्रचंड मुकुट, अंगाला राख, खोटी दाढी, खांद्यावर कातडें, हातांत दांडा. तो वेष अंगावर आहे तोंवर त्यानें स्नान करावयाचें नाहीं. कारण तेवढे दिवस तो कोणाचा मुलगा नसून देवाचें रूप मानला जातो, आणि घरांतील वडील माणसेंही त्याच्या पायां पडतात.

मात्र हा खेळ नव्हे. ही भेट आहे. एका गांवचा जथा दुसऱ्या गांवीं जातो, ज्या गांवाशीं सोयरीक होऊं शकते अशा गांवीं विशेषेंकरून. यजमान सामोरे येतात, पाहुण्यांस जेवूं घालतात, रात्रभर नाच चालतो. पुढें यजमानांनीं पाहुणे व्हावयाचें आणि पाहुण्यांनीं यजमान. या भेटींतच कित्येक लग्नें जमतात.

मराठी माणसाला हा मुलूख अगदींच परका राहिलेला नाहीं. इतिहाससंशोधक सेतुमाधवराव पगडी निजामी राज्याच्या नोकरींत असतांना आदिलाबादेंत गोंडी भाषा शिकले, आणि तेथील गोंडांवर त्यांनीं इंग्रजींत पुस्तक लिहिलें. त्याच काळांत मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनीं त्या जिल्ह्यांतील मारलवाई गांवीं राहून गोंडांचा अभ्यास केला. गोंड शिक्षक तयार करण्याचें केंद्र १९४३ सालीं तेथें निघालें, आणि त्या शाळांसाठीं गोंडी क्रमिक पुस्तकें तयार झालीं तीं देवनागरी लिपींत. त्याच मारलवाईचे कनकराजू यांना घुसाडी नृत्याबद्दल २०२१ सालीं पद्मश्री मिळाली. २०२४ सालीं ते वारले.

पुतण्याबरोबर मी नदीजवळच्या एका गोंड गांवीं पोंचलों तेव्हां दिवस मावळत होता. जथ्यांतील बहुतेक सारे विद्यार्थी होते; कोणी आश्रमशाळेंत शिकणारा, कोणी वसतिगृहांत राहून महाविद्यालयांत जाणारा. वाद्यें कोणी दुरुस्त करावयाचीं, कोणत्या घरून किती तांदूळ-डाळ आली, कोणत्या गांवीं केव्हां जावयाचें, हा सारा हिशेब बी. ए.च्या दुसऱ्या वर्षांतील एका मुलीच्या वहींत होता. ती स्वतः जथ्यांत नाचणार नव्हती. पण तिच्या वहीवांचून जथा हलत नव्हता.

त्यांची अडचण तेथेंच मला कळली. दंडार चंद्राच्या तिथीनें चालते, शाळा मात्र छापील वेळापत्रकानें. पूर्वीं पौर्णिमेपासून जवळजवळ पंधरा दिवस जथा हिंडे व कित्येक गांवें घेई. आतां मुलांना सुटी लागते ती दिवाळीच्या तोंडावर. हातीं उरलेल्या दिवसांत एकच गांव होण्यासारखें होतें. त्यांत शहरांतील एका मंडळाचें बोलावणें आलेलें! नरकचतुर्दशीच्या 'दिवाळी पहाटे'स दहा मिनिटें घुसाडी नृत्य करावें. मोटार पाठवूं, बिदागीही देऊं. मागच्या वर्षीं दंडार घेऊन आलेल्या गांवीं जावें तर हें बोलावणें सुटत होतें.

मुलांत दोन तट पडले. एक म्हणाला, ढोलांचीं कातडीं फाटलीं आहेत, त्या पैशांत सारें नवें होईल. त्याचें म्हणणें खोटें नव्हतें. गांवचे एक वृद्ध गृहस्थ ओट्यावर बसून ऐकत होते. ते एवढेंच म्हणाले, "मागच्या साली ते आपल्या दारी आले. आता आपण नाही गेलो त सोयरे कशाले म्हणतीन?" कोणीच बोलेना. मग ती मुलगी वही मिटून म्हणाली, "आजोबा, शहरातले पैसे देतील, पण उलट आपल्या दारी कोण येईल?"

या वाक्यानें वाद मिटला खरा. पण मला तें वाक्य चांगलेंच लागलें. आमच्या गांवच्या अशाच एका मंडळाचा मी कित्येक वर्षें चिटणीस होतों. एकदां आम्हींही दुरून लोकनर्तक बोलावले होते. टाळ्या झाल्या, पाकीट दिलें, छायाचित्र निघालें. त्यांना जेवूं घातलें होतें कीं नाहीं, हें मला आज कितीही आठवलें तरी आठवत नाहीं.

दुसऱ्या दिवशीं तिन्हीसांजेस आम्ही जथ्याबरोबर चालत निघालों. गांवाची शींव आली तसे पलीकडून ढोल ऐकूं आले. यजमान आपलीं वाद्यें घेऊन सामोरे येत होते. काल मोबाईलवर क्रिकेटचा सामना पाहत बसलेला अठरा वर्षांचा पोरगा आतां मोरपिसांच्या मुकुटाखालीं उभा होता, आणि एक पांढऱ्या केसांची आजी वांकून त्याच्या पायांना हात लावीत होती. त्याच्या चेहऱ्यावर थट्टेचा लवलेश नव्हता. जेवणें झालीं, तीं मुलांबरोबर आम्हांलाही पंगतींत बसवून. नाच मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होता. ढोल खरोखरच फाटलेला होता. त्याचा आवाज बद येई, आणि मग यजमानांपैकीं एकानें आपला ढोल आणून त्या मुलाच्या गळ्यांत घातला.

विद्यापीठांच्या युवक महोत्सवांत लोकनृत्याची स्पर्धा असते. संघांत दहा नर्तक आणि रंगमंचावर दहा मिनिटें, अशी मर्यादा असते. तिला मी नांवें ठेवीत नाहीं. याच मुलांपैकीं कांहीं जण त्या स्पर्धेंत नाचले होते, आणि परगांवच्या मुलांनीं आपली कला पाहिली याचा त्यांना अभिमान होता. पण तेथें परीक्षक असतो, प्रेक्षक असतो, यजमान नसतो. यजमान नसला म्हणजे दंडारीचा अर्धा भाग गळतो, आणि तो अर्धा पुन्हा मंचावर बसवितां येत नाहीं.

हा सण संपला म्हणजे मोहाच्या झाडाखालीं वाद्यांची व आभूषणांची पूजा करून तीं पुढील वर्षासाठीं ठेवून देतात. तेवढें पाहण्यास मी थांबूं शकलों नाहीं. निघतांना त्या मुलीनें वहींत त्या गांवापुढें एक खूण केली. मी विचारलें, "ही कसली?" ती म्हणाली, "पुढच्या वर्षी ते येणार. तेव्हा सुटी असो नसो, घरी कोणीतरी पाहिजे."

भाऊबीजेस मी घरीं पोंचलों. आमच्या चार बहिणींपैकीं दोघी आल्या होत्या; उरलेल्या दोघींचे फोन येऊन गेले होते. त्यांच्या घरीं मी शेवटचा केव्हां गेलों होतों, याचा हिशेब मीं त्या रात्रीं प्रथमच मांडला.