चिखलीच्या अंगणातील कुटुंबचित्र

उन्हाळ्यात रेणुकामातेच्या दर्शनास चिखलीस सारी मंडळी जमली, तेव्हा कुटुंबचित्र काढविण्याचे आम्ही ठरविले. पहिला प्रश्न उजेडाचा. बुलढाणा जिल्ह्यातील या गावी २२ मेच्या सुमारास मध्यान्ही सूर्य ऐन माथ्यावर येतो. अशा उन्हात डोळ्यांच्या खोबणी काळ्या दिसतात व मुले डोळे मिटतात. म्हणून सकाळची वेळ व भिंतीची एकसारखी सावली पसंत केली. झाडाखाली चेहऱ्यांवर कवडसे पडतात. १८३९ साली ही कला जगापुढे आली, तेव्हा चित्रासाठी कित्येक मिनिटे लागत. आता निमिषार्ध पुरतो. वेळ लागतो तो माणसे बसविण्यास!

मुले सतरंजीवर, वडील मंडळी खुर्च्यांवर, उंच माणसे मागे, हा क्रम सहज जुळला. अडले ते थोरल्या काकूंपाशी. काकांच्या पश्चात् "मला कशाला?" म्हणून त्या नेहमी दाराआडच राहत. "जाऊबाई, तुमच्यावाचून हे चित्र पुरे कसे व्हावे?" असे म्हणत मातोश्रींनी त्यांना हाताला धरून मधल्या खुर्चीवर बसविले. ज्यांनी घर सांभाळले, त्यांचाच चेहरा पुढे नातवंडांना चित्रात सापडू नये, हे आम्हांस योग्य वाटेना.